कॉम्प्युटरला १६९.२५४ आलाय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी, बाकी सगळं ठेचा खात शिकलेलं.

फेब्रुवारी महिना होता, नव्या हळदीचे सौदे जोरात. सकाळी साडेदहाला बिलाचा कॉम्प्युटर प्रिंटरला ओळखच दाखवेना. नेटही बंद. शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉप मात्र मजेत चालू. बाहेर शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदासाठी, खोळंबलेले आणि अण्णा, म्हणजे आमचे मालक, दर पाच मिनिटांनी डोकावून विचारतायत, "दिवाणजी, झालं का?" दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं दहा मिनिटं खटपट केली, "विंडोज करप्ट झालंय" असं सांगितलं आणि मशीन उचलून नेली. दोन दिवसांनी फॉरमॅट मारून आणली. त्याच्या दुकानात छान चालत होती म्हणे. आमच्याकडं जोडली, तर पुन्हा तेच.

चौथ्या दिवशी हमालानं पोत्यांची थप्पी हलवली तेव्हा खरा प्रकार दिसला. भिंतीच्या कडेनं स्विचपासून (एका केबलवर अनेक मशीन जोडणारी डबी) राउटरपर्यंत (सगळ्यांना नेट वाटणारी डबी) गेलेली केबल उंदरानं कुरतडली होती. निळ्या आवरणातनं तांब्याच्या तारा बाहेर आलेल्या, आणि त्यावर हळदीची पूड बसलेली.

गंमत अशी, की तो कॉम्प्युटर पहिल्या मिनिटापासून सांगत होता, माझं कुणाशी बोलणं होत नाही म्हणून. त्यानं स्वतःला १६९.२५४नं सुरू होणारा नंबर लावून घेतला होता. आम्हाला तो वाचता येत नव्हता. तुम्हाला यावा म्हणून हे लिहितोय.

आधी हे हाताशी ठेवा

- चालू असल्याची खात्री असलेली एक जादा केबल, दोन-तीन मीटरची. हिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.
- राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो. त्यावर राउटरचा पत्ता आणि लॉगिन असतं.
- राउटरचा पासवर्ड बदललेला असेल तर तो. जोडून देणाऱ्याकडून आजच मागून घ्या, अडचणीच्या दिवशी तो फोन उचलत नाही.
- कॉम्प्युटरवर ॲडमिन हक्काचं लॉगिन.
- बॅटरी (टॉर्च) आणि रंगकामाचा छोटा कोरडा ब्रश. यार्डात, गिरणीत, पिठाच्या दुकानात ब्रश लागतोच.
- वही-पेन. कॉम्प्युटरच्या कामाला वही कशाला म्हणून हसू नका. नेट नसताना वहीच उघडते.

१. नंबर कोण देतं, ते समजून घ्या

आमच्याकडं गाडीतनं हळद उतरली की थप्पी लागते आणि प्रत्येक मालावर लॉट नंबरची चिठ्ठी लागते. नंबर शेतकरी ठरवत नाही, हमालही नाही. दिवाणजी देतो, वहीत लिहितो, म्हणून एकच नंबर दोघांना जात नाही. सौदा झाला, माल गेला, की तो नंबर मोकळा.

तुमच्या घरात किंवा दुकानात हे काम राउटर करतो. कॉम्प्युटर, फोन, प्रिंटर, कॅमेरा, जो कोणी जोडला जाईल त्याला तो चार आकड्यांचा नंबर देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३. याला आयपी ॲड्रेस म्हणतात आणि आपोआप नंबर देण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी. पद्धत जुनी आहे, १९९३ पासूनची. आज चालतो तो तिचा नियम १९९७ चा.

कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यांना ऐकू जाईल अशी आरोळी ठोकतो, 'नंबर देणारं कोणी आहे का?' राउटर म्हणतो, 'आहे, हा घे २३.' कॉम्प्युटर म्हणतो, 'मग २३ माझ्या नावावर टाका.' राउटर म्हणतो, 'टाकला.' चार वाक्यांत व्यवहार पुरा.

हा नंबर कायमचा नसतो, मुदतीवर असतो. ही मुदत म्हणजे लीज. समजा ती २४ तासांची आहे. निम्मी सरली, म्हणजे १२ तास झाले, की कॉम्प्युटर गुपचूप मुदतवाढ मागतो. उत्तर आलं नाही तर २१ तासांच्या सुमारास पुन्हा मागतो, त्या वेळी कोणाही नंबर देणाऱ्याकडं. तरीही कुणी बोललं नाही, तर मुदत संपताच नंबर सोडून देतो. म्हणून राउटरमधला बिघाड कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. "काल तर चालू होतं की हो!" असं जे आपण म्हणतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे.

आणि आरोळी ठोकून कुणीच उत्तर दिलं नाही तर? दिवाणजी जागेवर नसला की आमचा हमाल काय करतो? खडूनं स्वतःच एक आकडा पोत्यावर टाकतो, पण त्याआधी आजूबाजूच्या थप्प्यांवर तोच आकडा नाही ना, हे बघतो. कॉम्प्युटर अगदी हेच करतो. १६९.२५४नं सुरू होणारे जवळपास ६५ हजार नंबर यासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यातला एक मनानं उचलायचा, 'हा कुणाचा आहे का?' असं तीनदा विचारायचं, आणि कुणी हरकत घेतली नाही तर लावून घ्यायचा. विंडोज ९८ पासून ही सोय आहे. २००५ साली ती सगळ्यांसाठी नियम म्हणून लिहिली गेली.

खडूचा आकडा दुकानात चालतो, सौद्यात चालत नाही. तसंच या नंबराचं. शेजारच्या मशीनशी बोलता येतं, नेटवर जाता येत नाही.

२. तुमचा नंबर बघा

विंडोजमध्ये कीबोर्डवरची खिडकीच्या चित्राची कळ दाबा, सी-एम-डी टाइप करा, एंटर. काळी खिडकी उघडते. घाबरायचं कारण नाही, इथं नुसतं बघितल्यानं काही मोडत नाही. फोनवर सांगतो तसं एकेक अक्षर सांगतो: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा.

सविस्तर माहिती हवी तर त्याच शब्दापुढं एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए-एल-एल. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवर असते ती. उलट बाजूला झुकलेली दुसरी रेघ चालत नाही. निम्मे लोक इथंच अडकतात.

बरीच रांग पळत जाईल. वर जाऊन तुमच्या जोडणीचं नाव शोधा. केबल असेल तर इथरनेट, बिनतारी असेल तर वाय-फाय. बाकीच्या नावांकडं, ब्लूटूथ वगैरे, लक्ष देऊ नका. मग एवढं वहीत उतरवा: आयपीव्ही४ ॲड्रेस (हाच आपला नंबर), डिफॉल्ट गेटवे (म्हणजे राउटरचा नंबर), डीएचसीपी एनेबल्डसमोर येस आहे की नो, आणि लीज कधीपर्यंत आहे ते.

ॲपलच्या मशीनवर काळी खिडकी लागत नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्कवर गेलात की, गडबड असेल तर 'सेल्फ-असाइन्ड आयपी' असं तेच सांगतं.

३. नंबर काय सांगतोय ते वाचा

*१९२.१६८नं सुरू होतो*, किंवा १०नं, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला आहे: हे घरगुती नंबर. नियमानं घरादारासाठी राखलेले, त्यामुळं तुमच्या घरी आणि मिरजेत तुमच्या मेव्हण्याच्या घरी दोन्हीकडं १९२.१६८.१.५ असला तरी भांडण नाही. असा नंबर असेल, गेटवेसमोरही नंबर असेल आणि तरी नेट नसेल, तर अडचण बहुतेक राउटरच्या पलीकडं, कंपनीच्या लाइनची. तिकडं फोन लावा, कॉम्प्युटर सोडा.

*१६९.२५४नं सुरू होतो*: आपला आजचा विषय. याच्यासमोर विंडोज 'ऑटोकॉन्फिगरेशन' असा शब्द जोडतं आणि गेटवेची जागा रिकामी असते.

*नंबरच नाही, 'मीडिया डिस्कनेक्टेड' लिहिलंय*: केबल बसलेली नाही, मेलेली आहे किंवा वाय-फाय जोडलेलं नाही.

या शेवटच्या दोनांतला फरक नीट लक्षात घ्या, आमचे चार दिवस याच्यावर गेले. केबलच तुटली असेल तर १६९ येत नाही, 'डिस्कनेक्टेड' येतं. १६९ येतो तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरपासून पुढच्या डबीपर्यंतची तार बहुधा शाबूत असते, तिच्या पलीकडं कुठंतरी दोर तुटलेला असतो. आमचा कॉम्प्युटर ते स्विच ही केबल धडधाकट होती, स्विचवरचा दिवाही लुकलुकत होता. स्विच ते राउटर ही उंदरानं खाल्लेली. शेजारचा लॅपटॉप वाय-फायवरनं थेट राउटरशी बोलत होता, म्हणून त्याचं सगळं सुरळीत. आणि मशीन दुरुस्तीवाल्याच्या दुकानात चालली, कारण तिथं उंदीर नव्हता.

जाता जाता, त्या यादीत एफ-ई-८० नं सुरू होणारा लांबलचक नंबरही दिसेल. तो आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या नंबरांचा, नेहमीच असतो. तो बिघाड नव्हे. १२७.०.०.१ म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच, त्याचाही विचार सोडा.

४. १६९.२५४ असेल तर तारेच्या वाटेनं चाला

कॉम्प्युटरपाशी बसून राहू नका, उठा. केबल जिथं जाते तिथं जा, शेवटपर्यंत.

स्विच असेल तर त्यातनं राउटरकडं जाणारी केबल ओळखा आणि दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवा. 'टक' असा आवाज यायला हवा. पिनेवरची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असेल तर केबल बसल्यासारखी दिसते आणि पंख्याच्या वाऱ्यानंही हलते. पोर्टमध्ये, म्हणजे केबल बसते त्या भोकात, बॅटरी मारून बघा. आमच्या स्विचच्या दोन पोर्टांत हळदीचा पिवळा थर होता, आतल्या सोनेरी पट्ट्या दिसतच नव्हत्या. वीज बंद करून कोरड्या ब्रशनं झाडलं. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीची वाफ आत जाते.

मग ती जादा केबल काढा. राउटर ते कॉम्प्युटर थेट जोडा, मधला स्विच आणि भिंतीतली तार वगळून. मिनिटभरात १९२.१६८ आला, तर कॉम्प्युटर निर्दोष आणि दोष मधल्या वाटेत. ही एक तपासणी केलीत तर फॉरमॅटचे पैसे वाचतात.

आणखी एक जागा बघा. यूपीएसवर काय काय आहे? आमच्याकडं कॉम्प्युटर आणि स्विच यूपीएसवर होते, राउटर मात्र साध्या बोर्डावर. लाइट नसताना सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तो आरोळी ठोकायचा, राउटर बंद, मग १६९. लाइट आल्यावरही लगेच सुधारत नाही. राउटर पुरता उठायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि विंडोज पाचेक मिनिटांच्या अंतरानं पुन्हा विचारतं. चहा पिऊन या, बऱ्याचदा आपोआप नीट झालेलं असतं. त्यानंतर राउटरही यूपीएसवर घेऊन टाका.

५. नंबर परत मागा

वाट दुरुस्त झाली पण नंबर बदलला नाही, तर हातानं मागायचा. सीएमडी या वेळी उजवं बटण दाबून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आयपीकॉन्फिग, एक जागा, तिरकी रेघ आणि आर-ई-एल-ई-ए-एस-ई, म्हणजे रिलीज, म्हणजे आहे तो नंबर सोड. मग तसंच आर-ई-एन-ई-डब्ल्यू, म्हणजे रिन्यू, नवा माग.

रिन्यूनंतर बराच वेळ नुसती रेघ लुकलुकत राहिली आणि शेवटी राउटरशी संपर्क होत नाही असं आलं, तर पुन्हा चौथ्या पायरीवर. आज्ञा दहा वेळा देऊन तार जुळत नाही.

सावध: दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दूरस्थ जोडणीनं काम करत असाल तर रिलीज कधीही देऊ नका. मी कुपवाडच्या एका कारखान्यातल्या मित्राला घरबसल्या मदत करायला गेलो आणि रिलीज दाबलं. नंबर सुटला, त्याबरोबर माझी जोडणीही. रिन्यू द्यायला मला स्कूटर काढून जावं लागलं.

६. राउटरच्या वहीत डोकवा

तार नीट, राउटर चालू, तरी १६९ येतोय. मग राउटरकडं द्यायला नंबर शिल्लक आहेत का ते बघा.

हा अनुभव आम्हाला पुढच्या हंगामात आला. सौद्याच्या दिवशी दुपारी बिलाचा कॉम्प्युटर १६९वर जायचा, इतर दिवशी कधीच नाही. आठवडाभर डोकं खाजवलं. मग राउटरचं पान उघडलं, तर जोडून देणाऱ्यानं फक्त ३० नंबर वाटायला ठेवलेले. सौद्याला येणारे व्यापारी, त्यांची माणसं, गाडीवाले, सगळ्यांच्या फोनमध्ये आमचा वाय-फाय पासवर्ड. अण्णांचा स्वभाव, कुणाला नाही म्हणत नाहीत. माणूस चहा पिऊन निघून जायचा, पण नंबर २४ तास त्याच्याच नावावर. माल उचलून झाला तरी लॉट नंबर अडवून ठेवल्यासारखं.

पान उघडायचं असं: चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा वाय-फायला जोडलेल्या फोनवर ब्राउझरमध्ये गेटवेचा नंबर टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. १६९ आलेल्या कॉम्प्युटरवरनं हे पान उघडणार नाही, उगाच प्रयत्न करू नका. आत लॅन किंवा डीएचसीपी असं पान शोधा. तिथं सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, लीजची मुदत आणि कुणाला काय दिलंय याची यादी असते. काही बदलायच्या आधी पानाचा फोटो काढा.

आम्ही १०० ते १९९ असे शंभर नंबर केले, मुदत दोन तासांवर आणली आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वाय-फाय काढलं.

७. घरात दोन दिवाणजी नकोत

नेट मागच्या खोलीत पोहोचत नाही म्हणून लोक जुना राउटर काढून केबलनं पुढं जोडतात. तोही राउटरच, त्यामुळं तोही नंबर वाटायला बसतो. आरोळीला जो आधी उत्तर देईल त्याचा नंबर कॉम्प्युटर घेतो. कधी पहिल्याचा, कधी दुसऱ्याचा. मग कधी नेट असतं, कधी नसतं, कधी प्रिंटर दिसतो, कधी नाही. या प्रकारात १६९ येत नाही, म्हणून तो ओळखायला जास्त अवघड. खूण एकच, दोन कॉम्प्युटरांच्या गेटवेचे नंबर वहीत शेजारी शेजारी लिहा, वेगळे निघतील.

उपाय सोपा. जुन्या राउटरमध्ये शिरून त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा नंबर बदलून पहिल्या राउटरच्या वाटपाबाहेरचा ठेवा (आमच्याकडं १९२.१६८.१.२), आणि केबल त्याच्या वॅन भोकात (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) न घालता लॅनच्या भोकात (आतल्या यंत्रांच्या) घाला.

८. हातानं नंबर ठोकायचा मोह आवरा

१६९ दिसला की कुणीतरी सल्ला देतं, 'मॅन्युअल टाक की आयपी.' तार तुटलेली असताना मॅन्युअल नंबर टाकून काही होत नाही, फक्त खूण पुसली जाते. कारण मग कॉम्प्युटर १९२.१६८ दाखवत बसतो, बोलणं मात्र कुणाशीच नाही. पुढच्या माणसाला बिघाड कुठं आहे ते कळायचा रस्ताच बंद.

प्रिंटरला मात्र ठरलेला नंबर लागतो, हे खरं. आमच्या प्रिंटरला कुणीतरी ५० नंबर हातानं घातला होता आणि राउटरच्या वाटपातही ५० होता. रात्री प्रिंटर बंद, सकाळी पहिला आलेला फोन ५० घेऊन मोकळा. प्रिंटर चालू केला की दोघांची मारामारी आणि पट्टी छापायची रखडली.

बरोबर पद्धत म्हणजे राउटरमध्ये रिझर्व्हेशन. प्रत्येक यंत्राला कारखान्यातनं एक बारा अक्षरांची ओळख मिळते, मॅक ॲड्रेस. विंडोजच्या यादीत 'फिजिकल ॲड्रेस' दिसतो तो हाच. प्रिंटरच्या माहितीच्या छापील पानावरही असतो. राउटरला सांगायचं, ही ओळख आली की कायम हाच नंबर दे. प्रिंटर आपला 'ऑटोमॅटिक'वरच राहतो. फोनसाठी हे करायला गेलात तर एक अडथळा आहे: ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला खरी ओळख न देता बनवलेली देतात. त्या नेटवर्कपुरती ती सोय आधी बंद करावी लागते.

कुणी आधीच मॅन्युअल टाकून ठेवला असेल तर विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तुमची जोडणी, त्यात आयपी असाइनमेंट. तिथं एडिट करून 'ऑटोमॅटिक डीएचसीपी' निवडा.

आता त्या १६९ची थोडी बाजूही घेतो, इतक्या शिव्या खाल्ल्यात त्यानं. मार्चअखेरीला जुन्या कॉम्प्युटरवरचा टॅलीचा बॅकअप नव्यावर घ्यायचा होता, पेनड्राइव्ह पुरत नव्हता आणि राउटर दुरुस्तीला गेलेला. दोन्ही मशीन एका केबलनं थेट एकमेकांना जोडल्या. मिनिटभरानं दोघांनी आपापले १६९.२५४चे नंबर लावून घेतले. दोन्हीकडं नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, फोल्डर शेअर केलं आणि सगळा बॅकअप तासाभरात पलीकडं. अण्णा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "नेट नाही, मग हे जातंय कुठनं?" मी केबल दाखवली. त्यांनी ती उचलून दोन्ही टोकांकडनं निरखून बघितली आणि विचारलं, "ही उंदराच्या वाटेत ठेवत नाही ना?"

आता ती खिळ्याला टांगलेली असते, पंचांगाच्या शेजारी.